टोलोलोच्या प्लेटा

खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांचे लेख वाचून विश्वाची ओळख झालेली आमची पिढी. विश्वाचं प्रसरण मंदावतंय हे तेव्हा बहुतेकांनी धरूनच चाललं होतं; प्रश्न फक्त 'किती?' एवढाच.

त्या काळात चिलीतल्या सेरो टोलोलो डोंगरावर जे काम झालं, ते आठवलं की आजही ऊर भरून येतो. १९९० पासून तिथे आकाशाच्या फोटोग्राफिक प्लेटा घेत आणि धुऊन सांतियागोला पाठवत. तिथे त्याच आकाशाच्या जुन्या-नव्या प्लेटा आलटूनपालटून बघायच्या आणि असंख्य ठिपक्यांतून आधी नसलेला एखादा ठिपका हुडकायचा: तो कदाचित सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा. मारिओ हामुय, मार्क फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चिकाटीने अभ्यासलेले 'वन ए' प्रकारचे, म्हणजे ज्यांच्या तेजावरून अंतर काढता येतं असे, २९ सुपरनोव्हा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद भरले, म्हणजे अपेक्षेहून दूर निघाले, ते ह्या तुलनेने जवळच्या सुपरनोव्हांशी ताडून पाहिल्यावरच. प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे कळलं आणि त्यामागच्या कारणाला 'कृष्ण ऊर्जा' हे नाव मिळालं.

आज शेजारच्याच सेरो पाचोनवर रुबिन वेधशाळा उभी आहे. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३,२०० मेगापिक्सेलचा. नवा ठिपका संगणक काही मिनिटांत टिपतो. दीर्घिकांची अंतरं मोजण्याचं कामही असंच बदललं. त्यांचा प्रकाश टिपायला न्यू मेक्सिकोत एकेकाळी भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्यांत प्रकाशतंतू हातांनी खोवत. आता ॲरिझोनात किट पीकवर 'डेसी' या उपकरणाचे ५,००० तंतू यंत्रं आपोआप जागेवर नेतात.

प्रयोगशाळेत मात्र कृष्ण ऊर्जा अजून सापडलेली नाही. ती इतकी विरळ आहे की पृथ्वीएवढ्या जागेतली सगळी कृष्ण ऊर्जा वस्तुमानात मांडली तरी जेमतेम काही मिलिग्रॅम भरते. बर्कलीत २०१५ मध्ये निर्वात कक्षात सीझियमच्या अणूंवर तिचं एखादं छुपं बल जाणवतं का, हे तपासलं. काही आढळलं नाही. म्हणून आजही भिस्त आकाशातल्या अंतरांवरच. त्यांवरूनच कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत २०२५ मध्ये डेसीने दिले. पण ते अजून निर्णायक नाहीत.

हे संकेत पक्के करायलाही जवळच्या सुपरनोव्हांची तितकीच काटेकोर मोजमापं लागतील. तेव्हा मुलांना रुबिनची चित्रं जरूर दाखवा. पण डोळ्यांत तेल घालून प्लेटा तपासणाऱ्या त्या माणसांबद्दलही सांगा. आजचं हे सगळं विज्ञान त्यांच्या कष्टांवर उभं आहे.