खण, कण, अंकण

हुबळीत दुर्गद बैल या बाजाराच्या आसपास जवळी साल आहे. जवळी म्हणजे कापडचोपड आणि साल म्हणजे ओळ. मराठीच्या सवयीनं त्यात जवळीक किंवा साळी शोधू नये. या ओळीतल्या दुकानात कुणा मराठी बाईनं ‘खण दाखवा’ म्हटलं, की गादीवरचा माणूस आत बघून ‘कण तगी’, म्हणजे खण काढ, असं ओरडतो. ‘ख’मधला ह कुठं गळाला याची चौकशी कुणी करत नाही. त्रिकोणी घड्यांची चळत पुढ्यात येते आणि मुद्दा रंगावर जातो.

हा माल गुळेदगुड्डचा. गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे, 1997 पूर्वी विजापूर जिल्ह्यात होतं. रेशमी ताणा आणि सुती बाणा वेगवेगळ्या रंगांचे, म्हणून कापड हललं की रंगही हलतो. नक्ष्यांना नावं आहेत: तेरू म्हणजे रथ, आनेहेज्जे म्हणजे हत्तीचं पाऊल. बायकांनी पिढ्यान् पिढ्या हत्तीची पावलं पाठीवर वागवली आणि कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. खणाचा हिशेब मात्र पक्का. एका खणात एक चोळी बसते. काठ कुठं यावा, बाहीला किती जावं, हे विणतानाच ठरलेलं असतं. खण म्हणजे कापड खरं, पण त्याआधी ते माप आहे.

म्हणूनच बहुधा हा शब्द घरालाही शोभला. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती मोठं ते खणांत सांगायचं. कपाटाला खण, टेबलाला खण. कन्नडनं इथं वाटणी केली आहे. अंगावरचा तो कण, घराचा तो अंकण. दहा अंकणांचं घर म्हटलं की धारवाडकडच्या माणसाला वाड्याची ऐपत कळते. वर्तमानपत्रातल्या सदरालाही कन्नडमध्ये अंकणच म्हणतात. दोन खांबांमधली ती जागा कुणा लेखकानं महिन्याच्या भाड्यानं घ्यावी तशी. आणि नुसता कण म्हटलं तर खळंही होतं, निवडणुकीचं रिंगणही. धान्य झोडपण्याची आणि माणसं झोडपण्याची जागा एकच, हे मला तरी पटतं.

खणाची शिवून चोळी झाली की दोन्ही भाषा पुन्हा वेगळ्या होतात. अमरकोशात चोल आणि कूर्पासक हे शब्द शेजारी शेजारी आहेत. मराठीनं पहिल्याची चोळी ठेवली. कन्नडकडं कूर्पासाच्या घराण्यातला कुप्पस आहे, बोलताना कुबस. पण उत्तर कर्नाटकात ‘कुबसाला या’ असं आमंत्रण आलं तर शिंप्याचा संबंध नसतो. ते डोहाळजेवण असतं. पोटुशी लेक, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि माहेरची चोळी; त्या चोळीवरून सगळ्या समारंभालाच नाव पडलं. आपल्याकडं तिसऱ्या महिन्यात गुपचूप होते ती चोरचोळी. मराठीनं चोळीआधी चोर घातला, कन्नडनं उघडपणे गावजेवण घातलं, एवढाच फरक.

पुढं झंपर आला. तो दोघांनीही घेतला, तोही वाद न करता. इंग्रजी जंपर बहुधा फ्रेंच जूपवरून आणि जूप अरबी जुब्ब्यावरून, असं कोशकार सांगतात. तसं असेल तर धारवाडच्या मास्तरांचा जुब्बा आणि त्यांच्या पत्नीचा झंपर एकाच दोरीवर वाळत असताना भाऊबंदच होते, फक्त एक थेट आला आणि दुसरा विलायतेला वळसा घालून. या गावात कानडी लिहिणारे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि मराठी कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. शब्दांनी सरळ रस्त्यानं यावं, ही अपेक्षा इथं कुणी करूच नये.

अलीकडं खण मीटरवर मिळतो. खणाची साडी निघाली, खणाच्या पिशव्या, खणाची तोरणं, लॅपटॉपचं कव्हरसुद्धा. विणकराचा माग चालतो, चांगलंच आहे. तरी ‘सहावारी खण’ ऐकलं की माझे कान टवकारतात. जो शब्द एका चोळीपुरता होता तो पायघोळ झाला.

ओटीतला खण मात्र अजून सुटाच लागतो. तो शिवत कुणीच नाही. मंगळवारी आलेला खण शुक्रवारी दुसरीच्या ओटीत जातो, तिथून तिच्या जावेकडं, आणि क्वचित आपल्याकडंच परत. आपलाच खण ओळखू आला तरी ओळख दाखवायची नाही, हा रिवाज भाषेच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे. मधल्या काळात तो कपाटात असतो, खालच्या खणात.