किल्ल्यातली सराय

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीआधी धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, "आपा, अब्बा-अम्मीला स्पेन दाखवायचं. आणि ग्रनाडाला एक रात्र अलहम्ब्राच्या आतच मुक्काम करायचा." भाऊ इंग्लंडमध्ये नोकरी करतो, खर्चही तोच करणार होता. तरी मी त्याच्याशी भांडले. त्या हॉटेलच्या एका खोलीचं एका रात्रीचं भाडं माझ्या निम्म्या पगाराच्या आसपास जात होतं, आणि आम्हाला दोन खोल्या लागणार होत्या. गावच्या घराचं छप्पर पावसात गळतं, मावसबहिणीच्या मुलाची कॉलेजची फी थकलेली. अशात एका रात्रीच्या झोपेला एवढे पैसे? "हा इसराफ आहे," मी म्हणाले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी हॉटेलं बांधली. एक रात्र त्यांनाही झोपू दे."

अब्बा गवंडी. कुवेत आणि दुबई मिळून बावीस वर्षं त्यांनी गिलाव्याचं काम केलं. ज्या इमारतींच्या भिंती त्यांच्या हाताने गुळगुळीत झाल्या, त्यांचं उद्घाटन झाल्यावर त्यांना दारातूनही कुणी आत घेतलं नसतं. मी आणखी वाद घातला नाही. मुलीला घेऊन मीही निघाले.

या हॉटेलची हकीकत सांगायलाच हवी. इसवी सन १२३८ मध्ये मुहम्मद इब्न अल-अहमर याने ग्रनाडाच्या टेकडीवर अलहम्ब्राचं बांधकाम सुरू केलं. त्याच्या नसरी घराण्याने तिथे एकामागून एक महाल उभे केले. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर राणी इसाबेला आणि राजा फर्डिनांड यांच्या हवाली केलं. त्यानंतर तिथल्या एका महालाच्या जागी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ झाला. १५०४ मध्ये राणी वारली, १५१६ मध्ये राजा. दोघांनाही आधी याच मठात पुरलं होतं. १५२१ मध्ये त्यांना खाली शहरातल्या शाही चॅपेलमध्ये हलवलं. पुढे मठ मोडकळीला आला. १९२० च्या दशकात तोरेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञाने त्याची दुरुस्ती केली आणि १९४५ पासून तिथे सरकारी हॉटेल आहे. स्पेनमध्ये अशा सरकारी हॉटेलांना 'पारादोर' म्हणतात. मी भाषेची शिक्षिका, शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय राहवलं नाही. पारादोर म्हणजे थांबण्याची जागा. आपल्याकडची सराय.

पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. बॅगा उचलायला माणूस पुढे आला, तर अब्बा आपली बॅग सोडेनात. "माझं ओझं मी नेतो," असं ते कोकणीत म्हणाले आणि तो माणूस न कळताही हसला. खोली साधी, स्वच्छ, खिडकीतून बाग दिसणारी. अम्मीने वुजू केला, जानमाज अंथरली आणि सवयीने मावळतीकडे तोंड करून उभी राहिली. नात ओरडली, "दादीजान, उलटं!" आयुष्यभर जिचा किब्ला पश्चिमेला, तिला पहिल्यांदा जवळजवळ उगवतीकडे वळावं लागलं. नंतर अम्मी म्हणाली, "मक्का तिथेच आहे गं, आपणच केवढ्या लांब आलो!"

संध्याकाळी अंगणात गेलो. तिथे जुन्या नसरी महालाचा एक भाग अजून उभा आहे. वर मधाच्या पोळ्यासारखी मुकर्नसची नक्षी, खाली राणीच्या पहिल्या कबरीची खूण. भावाच्या चेहऱ्यावर राग दिसला. याच राज्यकर्त्यांनी दिलेला शब्द मोडला आणि काही वर्षांतच ग्रनाडाच्या मुसलमानांना धर्म सोडा किंवा देश सोडा असं सांगितलं. हे मीही विसरलेले नाही. पण अम्मीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "कुणाचीही असो, कबरीपाशी आवाज चढवू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसरी महालांचं वेळेचं तिकीट होतं. राजदूतांच्या दिवाणखान्याचं छत आठ हजारांहून जास्त लाकडी तुकडे जोडून केलेलं आहे. सिंहांच्या चौकात बारा दगडी सिंह पाठीवर कारंज्याचं कुंड घेऊन उभे आहेत. आणि भिंतीभिंतीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं: व ला गालिब इल्लल्लाह. अल्लाहशिवाय कुणीही विजयी नाही.

भाऊ भारावून म्हणाला, "अब्बा, हे सगळं आपल्या बापजाद्यांनी बांधलं!"

अब्बा भिंतीच्या अगदी जवळ उभे होते. हात लावायची मनाई, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. ते म्हणाले, "राजे आपले कधी होते रे? यात आपला कुणी असलाच, तर तो जिप्सम कालवणारा." मग त्यांनी नातीला जवळ बोलावून दाखवलं: ही नक्षी साच्यात ओतलेली, बघ, सगळीकडे सारखी. हा भाग मात्र हाताने कोरलेला. इथे कारागिराचा हात थोडा हलला, त्याने सावरून घेतलं. तासभर आम्ही अब्बांच्या डोळ्यांनी तो महाल पाहिला. गिलाव्याबद्दल एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मला हजरत इब्राहिम बिन अदहम यांचा किस्सा आठवला. ते बादशहा असताना एक फकीर सरळ महालात शिरला आणि म्हणाला, "या सरायीत मला थांबायचंय." बादशहा रागावले, "ही सराय नाही, माझा महाल आहे." फकिराने विचारलं, "तुमच्याआधी इथे कोण होतं?" "माझे वडील." "त्यांच्याआधी?" "त्यांचे वडील." फकीर म्हणाला, "एक येतो, एक जातो. मग सराय आणखी कशाला म्हणतात?" हा किस्सा मी वर्गात किती वेळा सांगितला असेल. सुलतान, राणी, साधू आणि आता भाडं भरून आलेला गवंडी असे सगळे जिथे थांबले, त्या जागेत तो पहिल्यांदा पोहोचला माझ्यापर्यंत.

खोली सोडायची वेळ झाली तेव्हा मी अब्बांना बोलवायला गेले. ते पलंगावरची चादर ओढून नीट करत होते. न्हाणीघराची फरशी टॉवेलने कोरडी केलेली, उश्या जागच्या जागी. मी म्हणाले, "अब्बा, इथे या कामाला माणसं असतात."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच."

पैसे जास्त गेले, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही, आणि ते मी भावाला सांगितलंही. छप्पर या पावसाळ्यातही गळेल. पण परतल्यापासून माझी मुलगी आजोबांपाशी बसून विचारते, कुवेतला कुठली इमारत, किती मजले, कुणाबरोबर काम केलंत. ते सांगतात, ती वहीत लिहून घेते. वहीची पंधरा पानं भरली आहेत.