मेमरी कमी कुणाची?

इंजिनियरिंगची डिग्री घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं, की नोकरी कोडिंगची करा नाहीतर टेस्टिंगची, नातेवाइकांच्या लेखी आपण कायम 'कॉम्प्युटर दुरुस्त करणारे'! माझी तक्रार नाही म्हणा. आठवडाभर कुठल्यातरी न दिसणाऱ्या सर्व्हरशी भांडल्यावर टेबलावरचं धूळ बसलेलं खरंखुरं मशीन बघून बरंच वाटतं.

या वेळचं मशीन होतं काकांच्या सांगलीतल्या हळदीच्या अडत दुकानातलं. तिथले हिशेब दिवाणजी बघतात. वय 61. रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिण्यापासून सुरुवात केलेला माणूस, पण जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून कॉम्प्युटरवरचं सगळं एकट्याने सांभाळलेलं. गेले दोन महिने मात्र त्यांचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर दुपार झाली की 'आउट ऑफ मेमरी' म्हणून अंग टाकत होतं. बंद करून परत चालू केलं की ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याच्या 20 तारखेच्या आत रिटर्न भरायचं, त्यात हा ताप.

हार्डवेअरवाल्याने येऊन 4 जीबीची रॅम 8 केली. फरक शून्य. मग आमच्या चुलतदादाने निकाल दिला, "मेमरी मशीनची नाही, दिवाणजींची कमी झालीय. दुपारी पेंगत काहीतरी भलतंच दाबत असणार." सगळे हसले. दिवाणजीही हसले. पण 'कॉम्प्युटर येणारा' एखादा मुलगा त्यांच्या जागी बघायचं चाललंय, हे त्यांना माहीत होतं. मला काही हा विनोद वाटला नाही.

"दिवाणजी, एरर नेमकी कधी येते?" मी विचारलं. ऑफिसात हा प्रश्न मी रोज विचारते आणि "कधीपण येते" हे उत्तर रोज ऐकते. दिवाणजींनी ड्रॉवरमधून वही काढली. तारीख, वेळ आणि तेव्हा स्क्रीनवर काय उघडलं होतं ते. एकूण 23 नोंदी, सुवाच्य अक्षरात! "घडलं ते लिहून ठेवायचं बघ. दुसरं काय येतंय आम्हाला?" इति दिवाणजी.

23 पैकी 21 नोंदींत एकच गोष्ट होती. पार्टीचा खातेउतारा, अगदी 2017 पासून आजपर्यंतचा, सगळ्या तपशिलासकट.

आता टास्क मॅनेजर उघडला. 8 पैकी निम्मी रॅम मोकळी पडलेली. सी ड्राइव्हवरही भरपूर जागा, म्हणजे पेजिंग फाइलची अडचण नाही. (डिस्क भरली आणि ही फाइल वाढू शकली नाही, तरी अशाच तक्रारी येतात, म्हणून ते आधी बघावं.) पण सॉफ्टवेअरच्या नावापुढे कंसात लिहिलं होतं '32 बिट'. दिवाणजींना एकेक उतारा उघडायला सांगितला. प्रत्येक उताऱ्यागणिक त्या ओळीतला आकडा चढत गेला आणि उतारा बंद केला तरी उतरेना. 1.7 जीबीच्या आसपास आला आणि... आउट ऑफ मेमरी!

दादाला ते काही पटेना. "अर्धी रॅम मोकळी आहे म्हणतेस, मग कमी काय पडलं?"

त्याला मी खतावणीचंच उदाहरण दिलं. समज, कपाट भलंमोठं आहे, पण वहीत पान नंबरासाठी तीनच रकाने छापलेत. मग 999 च्या पुढचं पान लिहिणार कसं? नवं कपाट आणलं तरी नंबर वाढत नाहीत. रॅम म्हणजे कपाट, 32 बिट म्हणजे रकाने. 32 बिटांत 4,29,49,67,296 पत्ते मावतात, म्हणजे 4 जीबी. विंडोजच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, प्रोग्रॅमवर वेगळी खूण केलेली नसेल तर त्यातले निम्मेच त्याच्या वाट्याला येतात, 2 जीबी. मग 1.7 लाच का मेलं? कारण मोठ्या उताऱ्याला सलग कोरी पानं लागतात, आणि उरलेली कोरी पानं वहीभर विखुरलेली असतात.

हे दुखणं जुनंच आहे. 1981 च्या आयबीएम पीसीतल्या 8088 प्रोसेसरला पत्त्यासाठी 20 बिट होते, म्हणून 1 एमबीची हद्द, आणि त्यातले 640 केबी प्रोग्रॅमसाठी. डॉसवर काम केलेल्यांना तो जाच आठवत असेल.

"म्हणजे दुपारीच का, ते कळलं," दिवाणजी म्हणाले. "सकाळी वही कोरी असती." अगदी बरोबर!

मग उपाय. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला (न उघडून बघितलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच). नंतर जुनी वर्षं वेगळी काढली आणि 1 एप्रिलपासूनच्या शिलका पुढे ओढून नवी फाइल केली. जुनी फाइल जपून ठेवली, कारण जीएसटीच्या नियमाने हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. दोन्हीकडची तेरीज दिवाणजींनी पैशापर्यंत जुळवली. त्यात रविवारची दुपार गेली, आणि तेवढ्या वेळात एररही आली नाही. सॉफ्टवेअरची 64 बिट आवृत्ती मिळते, खरा उपाय तोच. पण काका म्हणाले, हंगाम संपू दे.

काकांनी ती वही शेवटपर्यंत चाळली. मुलगा ठेवायचा बेत अजून आहे, पण आता दिवाणजींच्या हाताखाली, काम शिकायला. दादा काही बोलला नाही, दोन चहा मात्र सांगितले. आमच्याकडे माफी अशीच मागतात :-)

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे असं मशीन असेल तर रॅम विकत घ्यायच्या आधी दहा रुपयांची वही घ्या. आणि मशीनसमोर बसणाऱ्यालाही एकदा विचारून बघा, की काय होतंय.