बारा बिऱ्हाडं

गेल्या महिन्यात भर दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण इस्टेट एजंट उभा. घामाघूम झाला होता, म्हणून आधी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, विकायचा विचार आहे का? पार्टी तयार आहे. पासष्टचा भाव देईल." पासष्ट म्हणजे पासष्ट हजार, एका चौरस फुटाला. आमचं घर ५२० फूट कार्पेट. दार लावून आत आले आणि गॅसशेजारी उभी राहून मनातल्या मनात गुणाकार केला. तीन कोटी अडतीस लाख. त्याच दिवशी सकाळी मी आणि हे मेंटेनन्सच्या बिलावर बोलत बसलो होतो. तिमाहीचे चाळीस हजार पाचशे भरायचे होते, आणि त्यासाठी एक एफडी मुदतीआधी मोडावी का, हा प्रश्न होता.

शिवाजी पार्कला राहतो असं सांगितलं की समोरच्याची नजर बदलते, हे मी चाळीस वर्षं बघते आहे. लग्न होऊन चिपळूणहून १९८४ साली इथे आले तेव्हाही माहेरी कौतुक झालं होतं. पण ते कौतुक पैशांचं नव्हतं. बाल्कनीत उभं राहिलं की मैदान दिसतं, समुद्र पाच मिनिटांवर, शाळा चालत जाण्याएवढ्या अंतरावर, याचं होतं. घर भाड्याचंच होतं. माझ्या आजेसासऱ्यांनी १९३९ साली ते घेतलं. सासरे सांगायचे, त्या काळी इथल्या इमारतींवर 'जागा देणे आहे' अशा पाट्या लटकत आणि घरमालक भाडेकरूला हाताला धरून खोल्या दाखवत. पुढे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. २००० साली नवा कायदा लागू झाल्यावर वर्षाला चार टक्के वाढ सुरू झाली. तरी इमारत पाडली तेव्हाच्या शेवटच्या पावतीवर दुरुस्ती उपकरासकट साडेसहाशे रुपयांच्या आतला आकडा होता. एवढ्या भाड्यात मालकाने इमारत राखायची कशी, हा प्रश्न रास्तच होता. जिन्याची फरशी खचली, गच्ची गळू लागली, सळया उघड्या पडल्या. आमच्यासाठी स्वस्त होतं म्हणूनच ते टिकणार नव्हतं, हे कळत होतं. फक्त आपल्या हयातीत टळेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

या भागाचा भाव कशाने आला, ते मला नेमकं सांगावंसं वाटतं. महापालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क. १९२७ साली शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. जवळजवळ अठ्ठावीस एकर मोकळी जमीन, भोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास कट्टा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या. रमाकांत आचरेकरांनी इथे पोरं घडवली, सचिन त्यांतलाच एक. २०१० साली रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. यातली एकही गोष्ट कुणा बिल्डरने बांधलेली नाही. तरीही मैदान दिसणाऱ्या खिडकीचा भाव वेगळा लागतो, आणि जाहिरातीत 'पार्क फेसिंग' हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतात. मैदान सगळ्यांचं, आणि त्याचे पैसे मात्र ज्याच्या हातात एफएसआय आहे त्याला. हे मला कधीच पटलं नाही.

मैदान म्हणजे नुसती शोभाही नाही. उन्हाळ्यात तिथली लाल माती उडून घरात येते. खिडकीच्या कडाप्प्यावर सकाळी ओला फडका फिरवला की फडका विटकरी होतो, दुपारी पुन्हा तेच. आमच्या शेजारच्या काकूंना दमा होता. मार्च ते जून त्या दारं-खिडक्या लावून बसायच्या आणि तरी म्हणायच्या, "माती असू दे गं, निदान तिथे टॉवर तर नाही." सकाळी सहापासून मैदानात नेट लागतात. उद्यान गणेशाच्या देवळात मंगळवारी रांग असते, समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर पोरं असतात. संध्याकाळी कट्ट्यावर जागा मिळायला थांबावं लागतं. तिथे आजोबा मंडळी ठरल्या जागी बसतात. एखादा चार दिवस दिसला नाही की कुणीतरी घरी फोन करतं.

आमच्या जुन्या इमारतीत माहीम कोळीवाड्यातून एक मासेवाली मावशी यायची. दहाच्या सुमाराला जिन्याखालूनच हाक द्यायची आणि दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये टोपली उतरवायची. बाराही बिऱ्हाडांच्या बायका ताटं घेऊन जमायच्या. मांदेलीचे वाटे लावायची, बोंबील बोटाने दाबून बघायला द्यायची. पैसे नसतील तर "सोमवारी दे गो" म्हणायची. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाला पथ्य आहे, तिला ठाऊक असायचं, आणि त्याप्रमाणे मासळी बाजूला काढून ठेवलेली असायची. जाताना पॅसेज धुऊन जायची. नवीन इमारतीत ती एकदाच आली. गेटवर फोन नंबर मागितला, फोटो काढला, ॲपमध्ये नोंद केली, आणि मग सांगितलं की टोपली घेऊन लिफ्टमधून जाता येणार नाही, वास राहतो. ती गेटवरूनच परत गेली. पुढच्या सोमवारी मी बाजारात जाऊन तिला शोधून काढलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी तुज्या घरी आलेली, त्यांच्या नाय."

डिसेंबरचंही तेच. सहा तारखेला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. मैदानात मंडप पडतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. नांदेड-परभणीकडून आलेल्या बाया लेकरं घेऊन आमच्या तळमजल्यावरच्या नळाला पाणी भरायच्या. सासूबाई खाली जाऊन बसायच्या, लहान मूल दिसलं की वर आणून दूध द्यायच्या. आता त्या दिवसांत सोसायटीचं गेट बंद असतं. गेल्या वर्षी मी सभेत विचारलं की गेटबाहेर पाण्याचे दोन पिंप ठेवायला काय हरकत आहे. सिक्युरिटीचा प्रश्न येईल, असं उत्तर मिळालं. मी स्वतः दोन पिंप ठेवले. यंदाही ठेवणार आहे.

पुनर्विकासाची कहाणी थोडक्यात सांगते, कारण मुंबईत ती घरोघरी सारखीच आहे. तेव्हा सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची. आमच्याकडे सगळ्यांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये इमारत रिकामी केली. छत्तीस महिन्यांत पझेशन म्हणाले, ते मिळालं २०२४ मध्ये. मधले अकरा महिने बिल्डरने भाडंच थांबवलं. भाडेकराराचे अकरा-अकरा महिने मोजत आम्ही सात वर्षांत पाच घरं बदलली. शेजारच्या काकू विरारच्या भाड्याच्या घरात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या बाल्कनीचं दार उघडायला सांगायच्या. तिथे बाल्कनी नव्हती.

आता बावीस मजले आहेत. जुने भाडेकरू, आता घरांचे मालक, दोन ते पाच मजल्यांवर, त्यांची लिफ्ट मागच्या बाजूला. वरचे मजले विक्रीचे, त्यांची लिफ्ट संगमरवरी लॉबीतून. पोडियम, जिम, गाड्यांचे स्टॅक, जनरेटर, तीन पाळ्यांचे पहारेकरी, हे सगळं दोघांचं मिळून. आणि मेंटेनन्स चौरस फुटावर. आमच्या वाट्याला महिन्याला साडेतेरा हजार येतात. देखभालीसाठी ठेवलेल्या कॉर्पसचं व्याज घरटी सात हजारांच्या आसपास पडतं. उरलेले साडेसहा हजार दर महिन्याला पेन्शनीतून जातात. आमचं निभतं, कारण दोघांनाही पेन्शन आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना नव्हती. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस. दीड वर्ष त्यांनी कसंबसं भरलं, मग घर विकून मुलाकडे बदलापूरला गेले. त्यांच्याकडे आता बँकेत भरपूर पैसे आहेत. फोन केला की आधी विचारतात, "कट्ट्यावर कोण कोण असतं गं?"

विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. कुणाला मुलीचं शिक्षण होतं, कुणाला भावाभावांत वाटणी करायची होती. आणि एक घर चार भावांत वाटायचं तर विकण्यावाचून मार्ग नसतो.

वरच्या मजल्यावर आलेल्यांनाही मी परकं मानत नाही. चौदाव्यावर एक तरुण जोडपं आहे, दोघंही नोकरी करतात. साडेसातशे फुटांचं घर. त्याच भावाने धरलं तर पावणेपाच कोटींच्या पुढे, वर सहा टक्के मुद्रांक शुल्क, ते एकोणतीस लाखांच्या घरात. साडेतीन कोटींचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ता तीन लाखांवर जातो. दोघं सकाळी साडेसातला निघतात, रात्री नऊनंतर येतात. ज्या मैदानासाठी एवढे पैसे मोजले, ते त्यांना रविवारी दिसतं. त्यांची आठ वर्षांची मुलगी मात्र रोज संध्याकाळी माझ्याबरोबर खाली येते. तिला कट्ट्यावर तोल सांभाळत चालायला आवडतं. तिचा हात धरून मी एक फेरी मारते, आणि जुनी माणसं तिला आता नावाने हाक मारतात.

एजंटला मी नाही म्हटलं ते हट्टाने नाही. हे घर विकून मिळालेल्या पैशांत याच भागात याच्याएवढंही घर पुन्हा मिळणार नाही. शुल्क, दलाली, कर यांतच बरीच रक्कम जाईल. म्हणजे तीन कोटी अडतीस लाख हा आकडा इथून जाणाऱ्यासाठी आहे. इथे राहणाऱ्याला तो फक्त दर तीन महिन्यांनी बिलाच्या रूपाने भेटतो. शंभर वर्षं ज्यांनी हा भाग राहण्यासारखा ठेवला, कोर्टात जाऊन मैदान शांत राखलं, त्यांनाच त्या बिलापायी जावं लागत असेल, तर तो अन्याय आहे असं मी स्वच्छ म्हणते.

तुमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरत असेल, तर एक विनंती. सभेत सगळे जास्तीचे फूट किती, भाडं किती, एवढंच विचारतात. आम्हीही तेवढंच विचारलं. पझेशननंतर महिन्याचा मेंटेनन्स किती येईल आणि कॉर्पसचं व्याज त्याला पुरेल का, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघा, आणि जुन्या रहिवाशांचा खर्च कुणी सोसायचा ते करारात लिहून घ्या. जिमचा खर्च वेगळा काढायला सांगा. लिफ्ट एकच ठेवायला सांगा. हे सह्या करण्याआधी करा, नंतर कुणी ऐकत नाही. आमच्या बारा बिऱ्हाडांनी ते केलं नाही. आज त्यांतली पाच इथे राहतात.