पंचेचाळीस की नऊ?

शस्त्र ही बेने इस्राएलांच्या घराण्यांस अपूर्वाईची वस्तू नव्हे. कंपनी सरकारच्या पलटणींत आपली माणसे होती. मुंबईत १७९६ साली आपले पहिले प्रार्थनामंदिर, ज्यास लोक पुढे जुनी मशीद म्हणू लागले, ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही पलटणीतलेच. आमचे पणजोबा सुभेदार होते. त्यांची तलवार कोठे गेली हे कोणास ठाऊक नाही. छातीवर पदके लावलेली एक तसबीर तेवढी उरली आहे. मात्र आमच्या वडिलांनी रेल्वेत कारकुनी केली, आणि पनवेलच्या घरात सर्वांत धारदार वस्तू म्हणजे आईची विळी. अशा घरातून १९६९ साली आम्ही येथे आलो, आणि चार वर्षांनी हातात उझी घेऊन सिनाईच्या वाटेवर लष्करी ट्रक हाकू लागलो. तेव्हा घरात पिस्तूल येण्याचा प्रश्न उभा राहिला असता आम्ही दचकण्याचे वास्तविक कारण नव्हते. तरीही दचकलो.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर या देशात पिस्तुलाच्या परवान्याचे नियम सैल झाले. लढाऊ तुकडीत सेवा केलेल्यांस परवाना सुलभ झाला, काडतुसांची मर्यादा ५० वरून १०० झाली, आणि अर्जांची संख्या लाखांच्या घरात गेली. त्यातला एक अर्ज आमच्या चिरंजीवांचा. आम्ही बेएर शेवा येथे राहतो. ओफाकिम आमच्यापासून मोटारीने अर्ध्या तासावर. त्या सकाळी ओफाकिमच्या गल्ल्यांत रायफलधारी हल्लेखोरांसमोर काही पोलीस आणि नागरिक केवळ पिस्तुले घेऊन उभे राहिले होते. चिरंजीव वीजतंत्री असल्याने नेगेवमधील लहानमोठ्या वस्त्यांत त्यांचे रोजचे जाणेयेणे. ते एवढेच म्हणाले, “पापा, त्यांच्या हाती निदान पिस्तूल तरी होते.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

उत्तर सुचले ते आमच्या सौभाग्यवतींना. परवाना ज्याच्या नावे त्यानेच शस्त्र वापरायचे, दुसऱ्याने नव्हे, हे त्यांनी नीट विचारून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, मग हा कामावर गेला म्हणजे घराचे रक्षण कोण करणार? आणि हा घरी असला म्हणजे त्या पिस्तुलापासून घराचे रक्षण कोण करणार?” दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. येथील सैन्याने २००६ साली शनिवाररविवारच्या रजेवर जाणाऱ्या सैनिकांनी रायफली छावणीतच ठेवाव्यात असे ठरविले, आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. हे आम्हांस माहीत होते. घरात सहा वर्षांचा नातू आहे, हेही माहीत होते. शिवाय १९७४ सालची एक रात्र आम्ही विसरलो नव्हतो. पत्र्याच्या बराकीत शेजारच्या खाटेवरील सोबत्याच्या हातून उझी निसटली, खाली आपटली आणि आपसूक सुटली. गोळी आमच्या उशाशी टांगलेल्या डब्यातून आरपार गेली. तो डबा आईने पनवेलहून पाठविलेल्या लाडवांचा होता. सोबत्यांस त्याचे पुष्कळ दिवस हसू आले. आम्हांसही आले, पण झोप बरेच दिवस आली नाही.

अखेर घेण्याचे ठरले. मग कोणते घ्यावे याची चर्चा सुरू झाली, आणि येथे आमचा दोष आम्ही कबूल करतो. घ्यावे की नाही हा वाद ज्यांच्याशी हरलो, त्यांच्याशीच कोणते घ्यावे हा वाद आम्ही उत्साहाने घालू लागलो. आमचे मत पडले की घ्यायचेच तर मोठ्या बोअरचे, म्हणजे पंचेचाळीसचे घ्यावे. अमेरिकनांनी फिलिपिन्समध्ये लहान बोअरची रिव्हॉल्व्हरे निष्प्रभ ठरलेली पाहिली, ब्राउनिंगसाहेबाने पंचेचाळीसचे काडतूस रचले, आणि १९११ सालापासून १९८५ पर्यंत त्यांच्या सैन्याने तेच बोअर कमरेला बाळगले. हा सारा इतिहास आम्ही रात्रीच्या जेवणावर सांगितला. सूनबाईंनी भात वाढला. चिरंजीवांनी विचारले, “आणि १९८५ साली त्यांनी काय घेतले?” त्यांनी नऊ मिलिमीटरचे घेतले होते. आम्ही वरण मागितले.

पूर्वी मोठे बोअर म्हणजे पोलादाचे जड धूड. १९११ चे ते जुने पिस्तूल रिकामेच अकराशे ग्रॅमच्या आसपास भरते. आता पिस्तुलाची खालची फ्रेम, म्हणजे मूठ व तिच्या वरचा सांगाडा, नायलॉनच्या जातीच्या कणखर प्लास्टिकची करतात. असे पहिले पिस्तूल १९७० साली जर्मनीत निघाले, परंतु चालले ते १९८२ साली ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलेले ग्लॉक. या गृहस्थांनी त्यापूर्वी एकही पिस्तूल बनविले नव्हते. हे प्लास्टिकचे पिस्तूल विमानतळावरील यंत्रास दिसणार नाही, अशी तेव्हा अमेरिकेत मोठी ओरड झाली. ती खोटी होती, कारण नळी आणि वरची स्लाईड पोलादाचीच असते. या फ्रेमला गंज नाही आणि नेगेवच्या उन्हात ती हातास चटकाही देत नाही. वजनही हलके, पण हलकेपणाची किंमत हात देतो. जड पिस्तूल आपला धक्का बराचसा स्वतःच पचविते. प्लास्टिकची फ्रेम किंचित लवून त्यातला थोडा भाग घेते, बाकीचा मनगटात येतो.

दुकानदार हा मूळचा रोमानियाचा वृद्ध गृहस्थ. त्याच्याकडे पंचेचाळीसचे एकच पिस्तूल होते, ग्लॉक २१. मॅगझिनमध्ये तेरा काडतुसे मावतात आणि भरले की वजन किलोच्या वर जाते. त्याने ते मोकळे करून, स्लाईड मागे ओढून, आत बोट घालून खात्री केली आणि मगच आमच्या हाती दिले. आम्ही ते मोठ्या ऐटीने धरले, आणि लगेच उमगले की आमची बोटे सुभेदारांची नसून कारकुनाची आहेत. जाड काडतुसे दोन रांगांत बसवायची म्हणून मूठ रुंद झालेली, त्यामुळे तर्जनीचे टोक चापापर्यंत कसेबसे पोहोचत होते. चिरंजीवांचे हात आमच्यावरच गेले आहेत. दुकानदार हसून म्हणाला, “हे पिस्तूल मोठ्या हातांच्या लोकांनी मोठ्या हातांच्या लोकांसाठी केले आहे. आणि गोळ्या आणणार कोठून? नऊच्या गोळ्या येथे सर्वत्र मिळतात.”

तरीही आमची आशा सुटली नव्हती. मितवाखवर, म्हणजे नेमबाजीच्या आवारात, शिक्षकाने चिरंजीवांना दोन्ही बोअर चालवून पाहू दिली. आम्ही जाड काचेमागे उभे होतो. पंचेचाळीसची पहिली गोळी अगदी मध्यावर लागली, आणि आम्ही काचेमागे मान डोलावली. दुसरी वर गेली. तिसरीच्या वेळी ती वर जाईल या भीतीने त्यांनी मनगट आधीच खाली दाबले, आणि गोळी कागदाच्या तळाशी गेली. नंतर नऊचे घेतले. पाच गोळ्या, आणि पाचही भोके आमच्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्या जागेत. शिक्षकाने आम्हांस कागदावर हिशेब करून दाखविला. पंचेचाळीसची गोळी सुमारे पंधरा ग्रॅमची व सेकंदास सुमारे २६० मीटर वेगाची. नऊची आठ ग्रॅमची, पण सुमारे ३५० मीटर वेगाची. गुणाकार केला तर दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखीच निघते. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ साली मायामीत आपली माणसे गमावल्यावर मोठ्या बोअरचा ध्यास घेतला, आणि सुमारे तीस वर्षांनी ती पुन्हा नऊवर आली, हेही त्याने सांगितले. “चुकलेल्या गोळीला बोअर नसते,” तो म्हणाला, “आणि चुकलेली गोळी कोणाला तरी लागतेच.” आम्हांस तो लाडवांचा डबा आठवला. त्यानंतर पंचेचाळीसचे नाव आम्ही काढले नाही.

ग्लॉक १९ घेतले. पंधरा गोळ्यांचे, मध्यम आकाराचे, कोट न घालताही सदऱ्याखाली झाकले जाते. त्याला बाहेरून दाबावयाचा सुरक्षेचा खटका नाही. चापातच एक लहान पाते असते, आणि बोट त्यावर नीट पडल्याखेरीज ते सुटत नाही. सौभाग्यवतींना ही रचना मुळीच पटली नाही. म्हणून चिरंजीव येथील जुन्या पद्धतीने नळी रिकामी ठेवूनच ते बाळगतात, आणि गरज पडली तरच स्लाईड ओढावयाची, असे त्यांनी आईस वचन दिले आहे. यात एक क्षण जातो. तो क्षण आम्ही सर्वांनी मिळून पत्करला आहे.

पहिल्या शब्बाथला एक पेच पडला. भोजनोत्तर प्रार्थनेपूर्वी टेबलावरची सुरी झाकावी, असा प्रघात आमच्या घरात कैक वर्षे आहे. ज्या मेजावर सुरीसुद्धा झाकायची, त्यापाशी कमरेला पिस्तूल लावून बसावे काय? चिरंजीवांनी कोणास न विचारता उठून ते मामादमधील तिजोरीत ठेविले आणि हात धुऊन परत आले. तेव्हापासून घरी असताना ते तेथेच असते. तिजोरी भिंतीत बोल्टांनी बसविलेली, आकडे दाबून उघडावयाची.

गेल्या पेसाहच्या आधी घर झाडताना नातू मामादमध्ये एकटाच फार वेळ शांत आहे, हे सौभाग्यवतींच्या ध्यानात आले. मुले शांत असली की पाहावे, हे त्या नेहमी म्हणतात. त्या गेल्या तेव्हा तिजोरीचे दार उघडे होते. त्याने आपली जन्मतारीख दाबून पाहिली होती. चिरंजीव कामावर होते आणि पिस्तूल त्यांच्या कमरेला होते; आत काडतुसांची एक पेटी तेवढी होती, आणि नातवाने त्यांतील आठ काढून गालिच्यावर सैनिकांसारखी रांगेत उभी केली होती. सौभाग्यवती ओरडल्या नाहीत. त्याच्या शेजारी बसल्या, एकेक काडतूस उचलून मोजून पेटीत घातले, आणि मग आम्हांस हाक मारली. त्यांचा आवाज आम्ही पंचावन्न वर्षे ऐकत आहोत. तसा कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी आकडा बदलला. नवा आकडा त्यांच्याखेरीज कोणासही ठाऊक नाही. सूनबाईंना नाही, आम्हांस नाही. नातवाने आमच्या सर्वांच्या जन्मतारखा एकेक करून विचारल्या. सौभाग्यवतींनी त्याला आपली खोटी सांगितली.