डावा पाय सुट्टीवर!

सीव्हीटी गाडी घेतल्यावर पहिला आठवडाभर डाव्या पायाचं काय करायचं, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. सेल्समन सनरूफ दाखवतो, टचस्क्रीन दाखवतो, ब्लूटूथला फोन जोडून देतो. पण दहा वर्षं क्लच दाबून दाबून पोटरी घट्ट झालेल्या त्या पायाचं काय? तो बिचारा प्रत्येक सिग्नलला उचलला जातो, हवेत काहीतरी शोधतो आणि परत खाली येतो. रिटायर झालेला माणूस सोमवारी सकाळी आठ वाजताच आंघोळ-बिंघोळ करून तयार होतो ना, अगदी तस्सा.

ऑटोमॅटिक का घेतली, हे हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एकदा संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकात येऊन बघावं. फर्स्ट, न्यूट्रल, फर्स्ट, न्यूट्रल... सेकंड गिअर पडला तर पेढे वाटावेत. एएमटीची टेस्ट ड्राइव्हही घेतली होती. ती स्वस्त पडते, पण प्रत्येक गिअरला अशी मान डोलावते, की वाटतं आपल्या प्रत्येक बोलण्याला ‘हो हो’ करतेय. सीव्हीटीत मात्र काहीच जाणवलं नाही. धक्का नाही, झटका नाही. तूप लावल्यासारखी निघाली.

सीव्हीटी म्हणजे कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन. नाव लांबलचक, फंडा सोपा. चहाच्या दोन बशा पाठीला पाठ लावून धरा. मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते. ही झाली एक पुली. अशा दोन पुल्या, एक इंजिनच्या बाजूला, एक चाकांच्या बाजूला, आणि दोघींवरून फिरणारा स्टीलचा पट्टा. बशा जवळ आल्या की पट्टा काठाकडे सरकतो, लांब गेल्या की खोल उतरतो. पट्ट्याची लांबी तीच राहते, म्हणून एक पुली मोठी झाली की दुसरी लहान होते. बस्स! पहिला, दुसरा, तिसरा अशा पायऱ्याच नाहीत. जिन्याऐवजी घसरगुंडी म्हणा ना.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, काय भारी नवीन टेक्नॉलॉजी! मलाही वाटलं होतं. मी घरी जेवताना हे रंगवून सांगत होते, तर आई म्हणाली, ‘‘अगं, मग माझ्या कायनेटिक होंडात दुसरं काय होतं?’’ खरंच की! ऐंशीच्या दशकात आलेली ती बिनगिअरची स्कूटर आणि नंतरच्या अॅक्टिव्हा, प्लेझर वगैरे सगळ्या याच तत्त्वावर चालतात. फक्त पट्टा रबराचा. आईने चौदा वर्षं बँकेत ये-जा केली त्या कायनेटिकवर. ‘‘तेव्हा कोणी मला ट्रान्समिशन विचारलं नाही, बायकांची गाडी म्हणायचे,’’ असं ती बाबांकडे बघून म्हणाली. बाबांनी आमटी वाढून घेतली.

बाबांचं जरा वेगळं सांगायला हवं. ते फियाट पद्मिनीवर गाडी शिकले, स्टिअरिंगला चिकटलेला तो गिअर असायचा ना, तीच. मला शिकवताना त्यांचा एकच मंत्र होता : स्पीडोमीटरकडे बघू नकोस, इंजिन ऐक. ते रडायला लागलं की वरचा गिअर, धापा टाकायला लागलं की खालचा. शेजारच्याची गाडी नुसती बिल्डिंगमध्ये शिरली तरी ‘‘थर्डमध्ये घेतोय गाढव,’’ म्हणतील असा कान.

आणि सीव्हीटी नेमकी या कानाशीच दगाबाजी करते! अॅक्सिलरेटर जोरात दाबलात की इंजिनचा आवाज आधी चढतो, तिथेच थांबतो आणि गाडीचा वेग मागून निवांत चढत येतो. डब केलेल्या सिनेमासारखं. संवाद संपला तरी ओठ हलतायत. गाडीवाले याला रबर बँड इफेक्ट म्हणतात. यात बिघाड काही नाही. जास्त ताकद लागली की इंजिनला जिथे ती मिळते त्या आरपीएमवर नेऊन ठेवायचं आणि पुल्या बदलत राहायच्या, हेच तर तिचं काम. पण लोकांना हा एकसुरी आवाज इतका खुपतो, की काही कंपन्या सॉफ्टवेअरमधून खोट्या पायऱ्या घालतात. गिअर बदलल्याचा अभिनय! आपल्याला बरं वाटावं म्हणून गाडीने नाटक करायचं, हे मला तरी जरा अतीच वाटतं.

या पट्ट्याचा इतिहास मात्र मजेदार आहे. डाफ या डच कंपनीने 1958 मध्ये व्हेरिओमॅटिक नावाचं असं ट्रान्समिशन असलेली छोटी मोटार आणली. ती उलटी जाताना जवळपास सुलटीइतकीच पळायची, म्हणून नेदरलँड्समध्ये पुढे चक्क रिव्हर्सच्या शर्यती व्हायच्या. आणि ‘सीव्हीटी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणणाऱ्यांसाठी : 1993 मध्ये विल्यम्स टीमने फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली होती. शर्यतीत उतरण्याआधीच, 1994 च्या नियमांनी तिच्यावर बंदी आली.

सवय व्हायला मला साधारण तीन आठवडे लागले. पहिली गोष्ट, डावा पाय फूटरेस्टवर टेकवायचा आणि विसरायचा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्यानेच. डाव्या पायाला हळू दाबणं माहीतच नसतं, त्याला ब्रेक दिलात तर मागचा रिक्षावाला तुमच्या डिकीत. दुसरी, अॅक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तो अंडं ठेवल्यासारखा. हळूहळू दाबलं की ती किंचाळत नाही आणि पेट्रोलही कमी पिते. ओव्हरटेक करायचं असेल तर अर्धा श्वास आधी सांगायचं. ब्रेक सोडला की ती आपणहून रांगते, ट्रॅफिकमध्ये हे रांगणं म्हणजे वरदान. आणि बॅटरी उतरली तर सोसायटीतल्या मुलांना धक्का मारायला बोलावू नका. ती धक्कास्टार्ट होत नाही.

एवढं सगळं चाललं होतं तेव्हा बाबा माझ्या गाडीत नुसते शेजारी बसत होते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तशी त्यांनी खाली जाऊन स्वतःच्या जुन्या गाडीचा क्लच दहा-बारा वेळा दाबून पाहिला. वर आले आणि कोणाशी काही न बोलता किल्ली देवाच्या कपाटात ठेवून दिली. त्यानंतर मंडईत जायचं तर आईला म्हणणार, ‘‘बघ, तिला वेळ आहे का.’’ मला थेट कधीच नाही. 45 वर्षं ज्याने सगळ्यांना सोडलं-आणलं, त्याने आपल्याला सोडायला कोणाला तरी सांगायचं. रिक्षासाठी गेटपाशी काठी टेकून उभे असलेले बाबा मी बाल्कनीतून पाहिलेत.

मी सरळ विचारलं, ‘‘बाबा, माझी चालवून बघता का?’’

‘‘त्यात काय चालवायचं? ती स्वतःच चालते.’’

‘‘मग बसा तर खरं.’’

रविवारी सकाळी बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर ते बसले. डावा पाय शिस्तीत बाजूला, कारण त्याला तसंही हलायचं नव्हतं. पण कान टवकारलेले. ‘‘अगं, ही ओरडतेय. वरचा टाकू का? काय टाकू?’’ टाकायला काहीच नव्हतं. मी पाय हलका करायला सांगितलं. त्यांनी केला, आवाज उतरला, गाडी मात्र त्याच वेगात पळत राहिली. बाबांनी असं काही माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशातून रुमालाऐवजी कबूतर काढलं.

पुढच्या महिन्यात माणगावला लग्न होतं. ताम्हिणीच्या उतारावर मी चालवत होते आणि ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘ब्रेक तापवतेस कशाला? उतारावर इंजिनला धरू दे. याला खालचा गिअर नाही का काही?’’ होता. त्या दांड्यावर ‘एल’ लिहिलेलं असतं, तिकडे मी आजवर गेलेच नव्हते. टाकला आणि इंजिनने चढ्या आवाजात गाडी अशी काही धरून ठेवली, की वळणं ब्रेकवर बोट टेकवल्यासारखी पार झाली. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

‘‘हां,’’ ते म्हणाले, ‘‘आता बोलली.’’

परतीचा घाट त्यांनी चढवला. शनिवारी मंडईला जायचंय, असं त्यांनी आईला नाही, मला सांगितलंय. किल्ली शुक्रवारी रात्रीच मागून ठेवलीय.