हिमाचा दोष

कुमारसंभवाचा पहिला सर्ग आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस शिकविला. हिमालयाच्या ठायीं गुणच इतके आहेत कीं, बर्फाचा एक दोष त्यांत बुडून जातो, हा तेथील भाव सांगतांना आमची वाणी मोठी रसाळ होत असे. वस्तुतः बर्फ म्हणजे आमच्या लेखीं सरबतांत घालावयाचा खडा! कोंकणांत हयात गेलेल्या मास्तरास हिमवर्षाव कोठून ठाऊक असणार? तो पाहण्याचा योग २०२२ च्या डिसेंबरांत आला. चिरंजीव अमेरिकेंत बफेलो येथें असतात. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां तेथें गेलों होतों.

बफेलो शहर ईरी नांवाच्या प्रचंड सरोवराच्या पूर्व टोंकास वसलेलें आहे. सरोवर गोठलेलें नसतां त्यावरून अतिशीत वारा वाहूं लागला म्हणजे तो वाटेंत पाण्याची वाफ उचलतो आणि कांठावर येतांच ती बर्फाच्या रूपानें ओतून टाकतो. २३ डिसेंबर रोजीं सकाळीं हें ओतणें सुरू झालें. वाऱ्याचे झोत ताशीं ७० मैलांवर गेले. प्रथम समोरचें घर दिसेनासें झालें, मग अंगणांतलें झाड, आणि शेवटीं खिडकीची चौकट तेवढी उरली. सुमारें ३७ तास हीच अवस्था! वादळ सरेपर्यंत तेथील विमानतळावर जवळजवळ ५२ इंच बर्फ मोजला गेला.

आमच्या सूनबाई रुग्णालयांत परिचारिका आहेत. आदल्या रात्रीं त्या पाळीवर गेल्या होत्या. बदलीचें माणूस येऊं शकेना, म्हणून तेथेंच अडकल्या. दुपारीं चिरंजीव त्यांना आणावयास मोटार काढूं लागले. वाहनें रस्त्यावर आणण्यास सरकारनें मनाई केली होती. शिवाय मोटार बर्फांत रुतून तिची धुराची नळी बुजली कीं विषारी वायु आंत शिरतो व माणूस बसल्या जागीं संपतो, असें त्यांनींच आम्हांस पूर्वीं सांगितलें होतें. आम्हीं त्यांचा हात धरून ठेविला. सौभाग्यवतींनीं डबे उघडून डाळतांदूळ मोजले आणि आगोटीची बेगमी केल्याप्रमाणें त्यांची वांटणी केली. सूनबाई चवथ्या दिवशीं सुखरूप घरीं आल्या. सर्वांचें नशीब असें नव्हतें. ईरी परगण्यांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. कांहीं मोटारींत, कांहीं रस्त्यावर, तर कांहीं स्वतःच्या थंडगार घरांत.

वादळ ओसरल्यावर एक वार्ता कानीं आली. शहरालगत चीकटोवागा गांव आहे. तेथें एक गृहस्थ मोटारीसह अडकले. त्यांनीं अनेक दारें ठोठावलीं, पण आसरा मिळाला नाहीं. रात्र मोटारींत काढल्यावर त्यांना जवळच एक बंद शाळा दिसली. त्यांनीं खिडकी फोडली, आंत गेले, आणि रस्त्यांत अडकलेल्या इतरांसहि शोधून आणलें. वीसांहून अधिक जीव त्या शाळेंत वांचले. तेथील खाद्यपदार्थांवर त्यांनीं गुजराण केली, आणि निघतांना त्या गृहस्थांनीं खिडकी फोडल्याबद्दल क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून ठेविली. पोलिसांनीं पुढें त्यांचा शोध घेतला, तो त्यांचे आभार मानण्यासाठीं!

चिरंजीव म्हणाले, "बाबा, धन्य तो मनुष्य!" आम्हीं मान हालविली, परंतु हातांतला घास हातांतच राहिला. आम्हांस २६ जुलै २००५ हा दिवस आठवला. त्या दिवसाच्या वृष्टींत मुंबईस सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोंकणहि झोडपून निघालें. आमच्या शाळेपुढें एस्. टी. गाडी अडकली आणि उतारू शाळेच्या पडवींत येऊन बसले. किल्ल्या आमच्या खिशांत होत्या. एक वृद्ध बाई म्हणाल्या, "मास्तर, एखादा वर्ग उघडतां का?" भिंतींना नुकताच रंग दिलेला, प्रयोगशाळेंत नवें सामान, वरिष्ठांची परवानगी नाहीं, दूरध्वनि बंद. "सकाळीं पाहूं," असें म्हणून आम्ही घरीं गेलों. सकाळीं येऊन पाहतों तों त्या बाई तापानें फणफणलेल्या! पुढें त्या बऱ्या झाल्याचें कळलें. परंतु जातांना आम्हांस म्हणाल्या, "शाळा मोठी छान ठेवलीत हो!" त्यांत टोमणा होता कीं नव्हता, हें आम्हांस अद्यापि उमगलेलें नाहीं.

परत आल्यावर, बर्फाच्या मुलुखांतील लोक कसे निभावतात, हें वाचण्याचा आम्हांस नाद लागला. आपल्याच लाहौलांत रोहतांगची खिंड हिंवाळ्यांत बंद होऊन कित्येक महिने बाहेरची वाट तुटत असे. २०२० मध्यें सुमारें ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून ती अडचण पुष्कळ कमी झाली. तरी लांकूडफाटा, वैरण व वाळविलेल्या भाज्या यांचा सांठा आणि मातीच्या धाब्यावरचा बर्फ वेळींच उपसणें कोणास चुकलेलें नाहीं. जपानांतील नागाओका शहरानें १९६१ पासून भूमीखालचें कोमट पाणी नळांनीं रस्त्यांवर शिंपून बर्फ वितळविण्याची युक्ति योजिली. परंतु आम्हांस सर्वांत भावली ती त्याच देशांतील ताकादा येथील रीत. तेथें घरमालकांनीं रस्त्याच्या कडेची आपापली जागा सोडून तीवर छप्पर काढलें आहे. छपरास छप्पर जोडून रांगच्या रांग तयार होते आणि गांवचीं माणसें तिच्याखालून कोरड्या पायांनीं जातात. या वाटेस गांगी म्हणतात. जागा ज्याची त्याची, वाट मात्र सर्वांची!

आज तो श्लोक शिकविण्याचा प्रसंग आला, तर आम्ही मुलांस इतकेंच अधिक सांगूं: एक दोष बुडवावयास गुणांचा मोठा सांठा लागतो. पर्वतास तो जन्मतःच लाभला. गांवास तो घरोघरचा थोडथोडा गोळा करावा लागतो, आणि वादळ येण्यापूर्वींच करावा लागतो.

बफेलोहून परतल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्हीं आमच्या जुन्या शाळेच्या चालकांस भेटून विनंति केली कीं, एक किल्ली शेजारच्या बिऱ्हाडीं असावी आणि अडल्यानडल्या वेळीं कोणाच्याहि परवानगीची वाट न पाहतां शाळा उघडावी. त्यांनीं ती तत्काळ मान्य केली. मागण्यास आम्हांस मात्र सतरा वर्षांवर काळ लागला.